'आय फील लव्ह': त्या १९७७ च्या गाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉना समरच्या 'आय फील लव्ह'बद्दल कुठेही चार ओळी लिहिल्या की मागोमाग प्रश्न येतात आणि त्यांतले बरेचसे तेच ते असतात. ते सगळे इथे एका जागी मांडले आहेत. आधी सोपे, मग अवघड. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. या गाण्यावर माझा फार जीव आहे, हे उत्तरं वाचताना कळेलच.

१. हे गाणं नक्की कोणाचं? डॉना समरचं की जॉर्जिओ मोरोडरचं?

गाण्यावर तीन नावं आहेत: डॉना समर, जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट. गायलं समरने, निर्मिती मोरोडर आणि बेलॉट यांची, शब्द बेलॉट आणि समर यांचे. ध्वनिमुद्रण जर्मनीतल्या म्युनिक शहरात, म्युझिकलँड स्टुडिओत झालं आणि १९७७ मध्ये 'आय रिमेंबर यस्टरडे' या अल्बममधून ते बाहेर आलं. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चर्चेत हल्ली फक्त मोरोडरचं नाव घेतलं जातं, ते मला खटकतं. बेलॉटशिवाय अल्बमची कल्पनाच नसती (प्रश्न ६) आणि समरच्या गळ्याशिवाय हे गाणं यंत्राचं प्रात्यक्षिक होऊन राहिलं असतं (प्रश्न ११).

२. अमेरिकन गायिका, इटालियन संगीतकार, इंग्रज जोडीदार आणि जर्मन शहर. ही मंडळी एकत्र आली कशी?

समर मूळची बॉस्टनची, जन्म १९४८ चा. 'हेअर' या संगीतनाटकाच्या जर्मन प्रयोगात काम मिळालं म्हणून १९६८ मध्ये ती म्युनिकला गेली आणि तिथेच राहिली. जर्मन शिकली, नाटकांत कामं केली, स्टुडिओत इतरांच्या गाण्यांना मागून आवाज दिला. ऑस्ट्रियन अभिनेता हेल्मुट सोमर याच्याशी तिने लग्न केलं. ते पुढे टिकलं नाही, पण 'सोमर'चं 'समर' होऊन आडनाव राहिलं. मोरोडर दक्षिण टिरोलमधल्या ऑर्टिसेईचा. आल्प्सच्या कुशीतला हा भाग इटलीत असला तरी तिथे जर्मनही बोलली जाते, त्यामुळे म्युनिक त्याला परकं नव्हतं. बेलॉट इंग्लंडहून आलेला. तिघं भेटली ती स्टुडिओच्या कामातून.

त्या काळी म्युनिकमध्ये नाचगाण्यांचा स्वतःचा एक घाट तयार होत होता. सिल्व्हर कन्व्हेन्शन या तिथल्याच गटाचं गाणं १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. त्याच वर्षी या तिघांनी 'लव्ह टू लव्ह यू बेबी' केलं. त्याची लांब आवृत्ती जवळपास १७ मिनिटांची होती आणि अमेरिकेत गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. म्हणजे 'आय फील लव्ह'च्या वेळी ही मंडळी नवखी नव्हती.

३. ते खरंच पहिल्या क्रमांकावर होतं का? अमेरिकेच्या यादीत तर दिसत नाही.

ब्रिटनमध्ये होतं. १९७७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सलग चार आठवडे. नेदरलँड्समध्येही ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. अमेरिकेच्या मुख्य यादीत मात्र सहाव्या क्रमांकावर थांबलं. 'जगभर पहिलं' असं सरसकट लिहिलेलं वाचलंत तर ते बरोबर नाही.

४. सुरुवातीला ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं म्हणतात. खरं का?

हो. अमेरिकेत पुढच्या बाजूला एक संथ, भावुक गाणं होतं आणि 'आय फील लव्ह' मागे. तबकडी वाजवणाऱ्यांनी आणि नाचणाऱ्यांनी ती उलटवली आणि कंपनीला त्यांच्या मागे जावं लागलं.

५. याला डिस्को म्हणायचं, डान्स-पॉप म्हणायचं की टेक्नो?

जन्माने डिस्को, बांधणीने पॉप. गाणारा आवाज आहे, लक्षात राहणारी चाल आहे, रेडिओला चालेल अशी छोटी आवृत्ती आहे. टेक्नो हा शब्द पुढे १९८० च्या दशकात डेट्रॉइटमधून आला, त्यामुळे १९७७ च्या गाण्याला ते नाव लावणं म्हणजे आजोबांना नातवाचं नाव ठेवण्यासारखं आहे. नातं मात्र खरं आहे. न थांबणारा सरळ ठेका, त्यावर धावणारी एकच बेसची ओळ आणि अगदी हळूहळू होणारे बदल, ही पुढच्या चाळीस वर्षांच्या नाचाच्या संगीताची मांडणी इथे आयती सापडते.

६. 'भविष्याचं गाणं' असं याला का म्हणतात? ती नंतरची जाहिरात आहे का?

नाही, अल्बमची योजनाच तशी होती. 'आय रिमेंबर यस्टरडे'मधली गाणी वेगवेगळ्या दशकांची आठवण करून देतात. शीर्षकगीतात १९४० च्या दशकातल्या नाच-वाद्यवृंदाचा रंग आहे, पुढे पन्नास आणि साठच्या दशकांतल्या मुलींच्या गायनगटांचा बाज येतो, मग सत्तरचं दशक. ही कल्पना बेलॉटला सुचली ती अँथनी पॉवेलच्या 'अ डान्स टू द म्युझिक ऑफ टाइम' या कादंबरीमालेवरून. भूतकाळापासून निघालेला अल्बम संपवायचा कुठे? तर उद्यावर. आणि उद्याचा आवाज कसा असेल, या प्रश्नाला मोरोडरचं उत्तर होतं: वाद्यवृंद बाहेर, सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) आत.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की बाकीच्या गाण्यांना पूर्वीच्या रेकॉर्ड समोर ठेवून नक्कल करता येत होती. या शेवटच्या गाण्यासाठी समोर ठेवायला काहीच नव्हतं.

७. कोणता सिंथेसायझर वापरला?

मूग कंपनीचा मोठा मॉड्युलर सिंथेसायझर. आजच्यासारखा बटण दाबलं की तयार आवाज देणारा नव्हे. कपाटासारख्या खोक्यांत एकेक काम करणारे वेगळे भाग बसवलेले असतात. एक सूर निर्माण करतो, दुसरा त्याची धार कमी करतो, तिसरा तो कधी सुरू व्हावा आणि कधी विरावा ते ठरवतो. हे भाग तारांनी एकमेकांना जोडल्याशिवाय आवाजच निघत नाही. त्यात सिक्वेन्सर नावाचा भाग असतो. त्याच्या एकेका खुंटीवर एकेक सूर लावून ठेवला की यंत्र ते ओळीने, न दमता वाजवत राहतं.

हे वाद्य स्टुडिओचं नव्हतं. ते संगीतकार एबरहार्ट शोएनर यांच्या मालकीचं होतं आणि ते हाताळण्यात पटाईत होता त्यांचा सहायक रॉबी वेडेल. वाद्याबरोबर तोही आला. तो नसता तर काय झालं असतं, ते पुढच्या उत्तरात.

८. यंत्रच वाजवणार, मग रेकॉर्ड करणं सोपं असेल ना?

उलट फार त्रासाचं होतं. पहिली अडचण सुराची. हे सिंथेसायझर तापले किंवा थंड झाले की सुरावरून घसरत. काही सेकंद नीट वाजलं की पुन्हा लावून घ्यायचं, मग पुढचा तुकडा, पुन्हा लावणं. जे गाणं ऐकताना एका दमात धावल्यासारखं वाटतं, ते असं तुकड्या-तुकड्यांनी उभं राहिलं आहे.

दुसरी अडचण एकसाथ चालण्याची. बेसची ओळ टेपवर घेतली. आता तिच्यावर दुसरी ओळ चढवायची तर यंत्राने आधीच्या ओळीशी नेमकं पाऊल जुळवायला हवं. माणूस ऐकून जुळवून घेतो. यंत्र ऐकत नाही. वेडेलने यावर तोड काढली. टेपच्या एका ट्रॅकवर नियमित खुणेचे ठोके भरून ठेवायचे आणि पुढे प्रत्येक वेळी सिंथेसायझरला त्याच ठोक्यांवर चालवायचं. त्यामुळे नंतर चढवलेली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला केसाचंही अंतर न ठेवता चिकटते. आज संगणकावर हे आपोआप होतं म्हणून त्याचं मोल जाणवत नाही. त्या खोलीतल्या लोकांना मात्र ते जादूसारखं वाटलं आणि श्रेय वेडेलला द्यायला हवं असं बेलॉटने पुढे आवर्जून सांगितलं आहे. मोठमोठ्या नावांच्या यादीत हे नाव सहसा नसतं, म्हणून मी मुद्दाम लिहितोय.

९. म्हणजे गाण्यातला प्रत्येक आवाज यंत्राचा आहे?

जवळजवळ. दोन अपवाद आहेत. एक समरचा गळा. दुसरा किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल. मूगमधून खोल आवाज निघत होता, पण छातीवर आदळणारा ठोसा त्यात येईना. शेवटी ड्रमवादक कीथ फोर्सी याला बसवलं आणि त्याने फक्त किक वाजवला. बाकी काही नाही, मिनिटांमागून मिनिटं एकच ठोका. हात रिकामे आणि एकट्या पायाने मोजून सारख्या अंतरावर ठोके, हे ड्रमवादकाला फार कठीण जातं. हाताची साथ नसली की तोल जातो आणि मनही भरकटतं. फोर्सी या बाबतीत घड्याळासारखा होता. पुढे त्याने मोरोडर आणि आयरीन कारा यांच्याबरोबर लिहिलेल्या 'फ्लॅशडान्स'च्या गाण्याला ऑस्कर मिळाला, पण माझ्यासाठी तो कायम या गाण्याचा पाय आहे.

हाय-हॅटसारखी (ड्रमसंचातल्या जोडझांजेसारखी) जी 'च्स च्स' ऐकू येते ती मात्र झांज नाही. मूगमधून निघणारा नुसता खरखराट, रेडिओची दोन स्टेशनं सोडून मधे येतो तसा, बारीक तुकड्यांत कापून ती केली आहे.

१०. हेडफोनवर बेस इकडून तिकडे उडतोय असं वाटतं. माझा हेडफोन बिघडलाय का?

नाही. हीच या गाण्याची किल्ली आहे. सिक्वेन्सरवरची बेसची ओळ मूळची तशी साधी आहे. मिक्स करताना ती एका बाजूला ठेवली आणि तिचाच किंचित उशिराने येणारा प्रतिध्वनी दुसऱ्या बाजूला. उशीर असा मोजला आहे की प्रतिध्वनी मूळ दोन सुरांमधल्या रिकाम्या जागेत पडतो. त्यामुळे कानाला दुप्पट वेगाने धावणारी एकच ओळ ऐकू येते.

करून बघा. हेडफोनचा उजवा भाग कानावरून काढा. धावणारी ओळ अचानक चालायला लागते, मधे मधे मोकळी जागा दिसते. आता उजवा कानावर ठेवून डावा काढा. तीच ओळ, जरा मागे सरकलेली. दोन्ही लावा, की पुन्हा ती थरथर सुरू. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी अर्धा तास नुसता उजवा-डावा करत बसलो होतो.

किक मात्र मधोमध आहे. म्हणून बेस कितीही लखलखला तरी पायाखालची जमीन हलत नाही. एकाच स्पीकरच्या फोनवर ऐकलंत तर दोन्ही बाजू एकत्र येतात आणि धाव राहिली तरी ही उडी हरवते.

११. डॉना समर इतक्या वरच्या आणि हलक्या आवाजात का गाते? तिचा आवाज तर दमदार होता.

होताच. चर्चमध्ये गाऊन तयार झालेला तो गळा होता आणि तिची पुढची गाणी ऐकली की ताकद कळते. इथे तिने छातीचा आवाज बाजूला ठेवून डोक्यातला, तरंगणारा आवाज लावला. माझ्या मते ही निवड गाण्याचं भाग्य ठरवणारी आहे. खाली यंत्र बारीक बारीक तुकड्यांत सूर चिरतंय आणि वर तिची ओळ लांब, सलग, कुठेही न घाई करणारी. यंत्राशी स्पर्धा करायला ती गेली असती तर दोघं एकमेकांना खाऊन टाकत.

बेलॉटच्या सांगण्यानुसार हे गायन एका दमात, एकाच टेकमध्ये झालं. यंत्राला सुरात ठेवण्यासाठी इतकी यातायात झाली (प्रश्न ८) आणि माणसाला एकदाच गायला लागलं, हे मला फार सुंदर वाटतं.

१२. शब्द इतके थोडे का? घाईत लिहिलं होतं का?

थोडं तसंच. त्या संध्याकाळी समर आणि बेलॉट दोघांनी बसून शब्द लिहायचे ठरलं होतं. ती फोनवर अडकली. ती न्यूयॉर्कच्या आपल्या ज्योतिषाशी बोलत होती. विषय मनाचा होता, दोन पुरुषांपैकी कोणाची निवड करावी हा. बेलॉट वाट बघत बसला आणि तासांमागून तास गेले. ती येईपर्यंत बहुतेक शब्द त्याने लिहून टाकले होते. त्या संभाषणातलं एक नाव होतं ब्रूस सुडानो, ज्याच्याशी तिने १९८० मध्ये लग्न केलं.

पण थोडे शब्द हे वैगुण्य नाही. मोजके शब्द पुन्हा पुन्हा आले की अर्थ मागे पडतो आणि आवाज पुढे येतो. प्रेम 'का' आणि 'कसं' हे गाणं सांगतच नाही. जाणवतंय, एवढंच.

१३. यावर कोणाकोणाचा प्रभाव आहे? मोरोडरने हे सगळं हवेतून काढलं का?

हवेतून काहीच येत नाही. मला यात चार धागे दिसतात.

पहिला धागा सिंथेसायझरचा. १९६८ मध्ये वेंडी कार्लोसने बाखचं संगीत मूगवर वाजवलं, 'स्विच्ड-ऑन बाख'. त्या रेकॉर्डवरूनच मूग म्हणजे काय ते मोरोडरला कळलं. त्याने लगेच ते वाद्य आपल्या पॉप गाण्यात आणलं. 'सन ऑफ माय फादर' या त्याच्या गाण्याची चिकोरी टिप या इंग्लिश गटाने केलेली आवृत्ती १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, मूगच्या गुणगुण करणाऱ्या सुरावटीसकट. १९७५ मध्ये 'आइन्झेलगेंगर' नावाने त्याने पूर्ण प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक अल्बमही काढला. म्हणजे 'आय फील लव्ह'मागे मोरोडरची स्वतःचीच काही वर्षांची मेहनत आहे, आणि प्रभावांच्या याद्यांत नेमकी तीच राहून जाते.

दुसरा धागा ठेक्याचा. मापातल्या चारही ठोक्यांवर किक, ही डिस्कोची सरळ चाल फिलाडेल्फियातल्या सोल संगीतातून आली. ड्रमवादक अर्ल यंग याने हॅरोल्ड मेल्विन आणि ब्लू नोट्सच्या १९७३ च्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये ती वाजवली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. फिलाडेल्फियात त्या ठेक्यावर व्हायोलिन आणि पितळी वाद्यांचा मोठा ताफा असे. म्युनिककरांनी ठेका ठेवला आणि या गाण्यापुरता ताफा घरी पाठवला. कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताचं हे ऋण 'युरोपीय यंत्रसंगीत' असं लेबल लावलं की झाकलं जातं, आणि ते झाकलं जाऊ नये.

तिसरा धागा जर्मनीतल्याच दुसऱ्या प्रकारच्या संगीताचा. बर्लिनच्या टँजरिन ड्रीम या गटाने १९७४ च्या 'फीड्रा' या अल्बममध्ये मूगच्या सिक्वेन्सरवर धावती बेस ओळ वापरली होती. त्यावर ठेका नव्हता, नाच नव्हता. ते झोपून ऐकायचं संगीत होतं. तरी आज दोन्ही पाठोपाठ ऐकली की नातलग वाटतात.

चौथा धागा गायनाचा. समर चर्चमधून आणि रंगभूमीवरून आली होती. एकच ओळ धरून हळूहळू भावावस्था चढवत नेणं हे चर्चमधल्या गाण्याला नवं नाही.

१४. क्राफ्टवर्कची नक्कल आहे असं वाचलं. खरं?

क्राफ्टवर्क हा जर्मनीतला इलेक्ट्रॉनिक संगीताचा गट. तारखा बघा. त्यांचं 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' आलं मार्च १९७७ मध्ये आणि 'आय रिमेंबर यस्टरडे' मे १९७७ मध्ये. दोन महिन्यांत ऐकून, शोधून, एवढं किचकट ध्वनिमुद्रण करून रेकॉर्ड छापून आणणं जमण्यासारखं नाही. त्यांचं १९७४ चं 'ऑटोबान' मात्र आधीचं आहे आणि ते खूप गाजलं होतं. तेव्हा 'एकाच हवेत वाढलेले' इतकं म्हणावं. दोघांचा स्वभावही वेगळा आहे. क्राफ्टवर्क माणसाला यंत्रासारखं उभं करतात. इथे यंत्राच्या मधोमध एक बाई प्रेमात पडली आहे.

१५. पूर्णपणे सिंथेसायझरवर गाजलेलं हे पहिलंच गाणं ना?

'पहिलं' हा शब्द जपून वापरा. 'पॉपकॉर्न' ही मूगवरची धून १९७२ मध्येच हॉट बटरच्या आवृत्तीत घरोघरी पोचली होती. ती बिनशब्दांची होती. 'सन ऑफ माय फादर' आणि 'ऑटोबान'चा उल्लेख वर आलाच. शिवाय प्रश्न ९ मधला किक ड्रम आहे, त्यामुळे 'पूर्णपणे' हेही काटेकोर अर्थाने बरोबर नाही. मी असं म्हणेन: नाचासाठी केलेलं, गायलेलं, बेसपासून झांजेपर्यंत सिंथेसायझरने उभं केलेलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलेलं एवढं मोठं गाणं याआधी नव्हतं.

१६. ब्रायन ईनो आणि डेव्हिड बोवीचा तो किस्सा खरा आहे का?

बोवी हा ब्रिटिश गायक आणि ईनो त्याचा सहकारी संगीतकार. किस्सा बोवीनेच सांगितलेला आहे. बर्लिनमध्ये दोघं एकत्र काम करत असताना एक दिवस ईनो धावत आला, हातात ही तबकडी. भविष्यातला आवाज मला सापडला, नाचाच्या संगीताला हे गाणं पुढची पंधरा वर्षं बदलून टाकेल, अशा अर्थाचं तो म्हणाला. तो उन्हाळा १९७७ चा, 'हीरोज' या अल्बमचं काम चालू असतानाचा. अंदाज चुकला तो एवढाच की पंधरा वर्षं कमी पडली.

१७. पुढे कोणाकोणावर परिणाम झाला?

यादी संपणार नाही, म्हणून नातं स्पष्ट दिसतं तेवढंच. मोरोडरने स्वतः स्पार्क्स या अमेरिकन गटाबरोबर १९७९ मध्ये तोच मार्ग पुढे नेला आणि त्याच वर्षी 'मिडनाइट एक्सप्रेस' या १९७८ च्या चित्रपटाच्या सिंथेसायझर-संगीतासाठी ऑस्कर घेतला. न्यूयॉर्कच्या ब्लाँडी या रॉक गटाने १९७८ मध्ये 'आय फील लव्ह' मंचावर गायलं. रॉकच्या अड्ड्यावर डिस्को गाणं म्हणजे तेव्हा धाडस होतं. पुढच्या वर्षी त्यांचं 'हार्ट ऑफ ग्लास' पहिल्या क्रमांकावर गेलं. सॅन फ्रान्सिस्कोत सिल्व्हेस्टर या गायकाच्या गाण्यांत पॅट्रिक काउलीचे सिंथेसायझर आले (काउलीसाठी प्रश्न १९). शिकागोतलं हाउस नावाचं नाचाचं संगीत आणि डेट्रॉइटमधलं टेक्नो याच मुळावर वाढलं. १९८५ मध्ये ब्रॉन्स्की बीट हा ब्रिटिश गट आणि गायक मार्क आमंड यांची आवृत्ती ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोचली. समलिंगी श्रोत्यांनी हे गाणं पहिल्यापासून आपलं मानलं होतं. त्या आवृत्तीत ते आपलेपण उघडपणे ऐकू येतं.

१८. न्यू ऑर्डर या ब्रिटिश गटाचं 'ब्लू मंडे' याच गाण्यावरून घेतलंय का?

इथे बहुतेक जण चुकतात. 'ब्लू मंडे'च्या किकचा संबंध डॉना समरशी जोडला जातो तो बरोबर आहे, पण गाणं दुसरं: तिच्या १९७९ च्या 'बॅड गर्ल्स' अल्बममधलं 'अवर लव्ह'. तेही मोरोडर-बेलॉट यांचंच, म्हणून गल्लत होते.

१९. पंधरा मिनिटांची आवृत्ती कोणी केली? ती अधिकृत आहे का?

पॅट्रिक काउलीने. सॅन फ्रान्सिस्कोत बसून त्याने १९७८ च्या सुमारास कोणाची परवानगी न घेता मूळ गाणं कापून, जोडून, वर स्वतःचे सिंथेसायझर चढवून ती तयार केली. कित्येक वर्षं ती क्लबांत तबकडी वाजवणाऱ्यांच्या हातूनच फिरत राहिली. १९८२ मध्ये कंपनीने ती रीतसर प्रसिद्ध केली, म्हणजे चोरून जन्मलेली आवृत्ती शेवटी अधिकृत झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काउली एड्सने गेला. वय अवघं ३२. मधल्या भागात त्याचे सूर बेसभोवती वावटळीसारखे फिरतात. ते ऐकताना हे वय आठवल्याशिवाय राहत नाही.

२०. बियॉन्सेच्या 'समर रेनेसाँ'मध्ये मूळ रेकॉर्डच वाजते ना?

२०२२ च्या त्या गाण्याला मूळ गाण्याचा आधार घोषित आहे, पण तो चाल पुन्हा वाजवून-गाऊन घेतल्याचा. रेकॉर्डचा तुकडा जसाच्या तसा घेतला तर ते सॅम्पल. त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि गीतकार-संगीतकारांची, दोघांची परवानगी लागते. चाल नव्याने गायली तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न येत नाही, रचनाकारांचा हक्क मात्र राहतोच. म्हणून तिथे समर, मोरोडर आणि बेलॉट यांची नावं दिसतात.

२१. अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहात हे आहे का?

आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदीत २०११ सालच्या यादीतून त्याची निवड झाली. यादी जाहीर झाली मे २०१२ मध्ये. समर त्याच महिन्यात, १७ तारखेला गेली होती. बातमी तिच्यापर्यंत पोचायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

२२. आवृत्त्या इतक्या आहेत. कोणती ऐकू?

पहिल्यांदा ऐकत असाल तर अल्बममधली, जवळपास सहा मिनिटांची. रेडिओसाठी कापलेली छोटी आवृत्ती टाळा. या गाण्याला वेळ लागतो, आणि वेळच कापला की उरतं काय? मोठ्या तबकडीवरची आठ मिनिटांच्या वरची आवृत्ती त्यानंतर. काउलीची तिसरी. १९९५ मध्ये रोलो आणि सिस्टर ब्लिस यांनी केलेलं रूप ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेलं, पण त्याचा ठेका त्याच्या काळाचा आहे, उत्सुकता म्हणून ऐका.

आणि अल्बमची आवृत्ती ऐकताना मधला भाग चुकवू नका. गाणं थांबतं, पण ठेका नाही. समर निघून जाते आणि फक्त यंत्र आणि फोर्सीचा पाय उरतो. बराच वेळ काही 'घडत' नाही. खरखराटाची झांज जराशी पुढे येते, बेस एका सुरावरून दुसऱ्यावर सरकतो, एवढंच. मग अगदी वरून, दाराशी कोणी येऊन उभं राहावं तसा तो आवाज परत येतो.